बारावं कडवं

निळीच्या कारखान्यात घड्याळ नव्हतं. भिंतीवर नव्हतं, कुणाच्या मनगटावर नव्हतं, मालकांच्या खोलीतसुद्धा नव्हतं. होतं ते एक गाणं. कापड हौदात उतरलं की गाणं सुरू व्हायचं, गाणं संपलं की कापड बाहेर यायचं. मधेच कुणी "झालं का?" म्हणून विचारायचं नाही. विचारलंच तर माई म्हणायच्या, "गाण्यालाच विचार की. ते काय तुझ्याआधी घरी जाणार आहे?"

गाणं अकरा कडव्यांचं. एकेक कडवं एकेकीचं. जी बाई हौदावर रुळली तिचं कडवं गाण्यात यायचं, आणि एकदा आलं की कायमचं. बाई म्हातारी होऊन घरी बसो, लेकीकडे राहायला जावो, नाहीतर जगातूनच जावो, कडवं कुठे जायचं नाही. मी कामाला लागले तेव्हा हौदावर तिघीच होत्या, पण गात होत्या अकराजणी.

पहिलं कडवं, ज्या बाईनं हा हौद पहिल्यांदा भरला, तिचं. तिला पाहिलेलं आता कुणी नाही. पण रोज सकाळी पहिला शब्द तिचाच:

उतर रे कापडा पाण्यात, अंग सोड सैल,
निळाईच्या घरी तुझा पाहुणचार होईल.

तिसरीनं कडव्यात नवऱ्याच्या घोरण्याचं गाऱ्हाणं घातलं होतं. तो बिचारा जाऊन पन्नास वर्षं झाली, पण आमच्याकडे अजून दिवसातून चार वेळा घोरत होता. आठवं कडवं माईंचं:

सासर माझं दूर, माहेर त्याहून दूर,
दोन्हींच्या या मधोमध निळ्या पाण्याचा पूर.

नववं आणि दहावं दोघी जावांचं, थोरलीचं आणि धाकटीचं. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच स्वयंपाकघरात वावरायच्या, पण एका पातेल्यावरून नऊ वर्षं बोलणं बंद. पातेलं कुठलं, त्याचं पुढे काय झालं, हे दोघींनाही नीट आठवत नव्हतं. बोलणं बंद आहे एवढं मात्र पक्कं आठवत होतं. हौदाच्या दोन टोकांना बसून त्या माझ्यामार्फत बोलायच्या.

"हिला सांग, कोपरा नीट बुडव म्हणावं."

"त्यांना सांग, बुडवलाय. चष्मा पुसा म्हणावं."

दोघींच्या मध्ये चार हात अंतर. तरी मी इमानेइतबारे निरोप पोचवायची. पण लांब कापड पिळायची वेळ आली की या दोघींशिवाय ते काम कुणाला साधायचं नाही. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, तोंडासमोर तोंड. धाकटीनं आपल्या कडव्यात तेच घातलं होतं:

तिचा पीळ उजवीकडे, माझा पीळ डावीकडे,
कापड होई कोरडं बाई, पाणी जाई कुणीकडे?

आणि अकरावी? अकरावी मोठी छुपी निघाली.

कुणी वाजवतं बाजा दूर, कान माझे तिथं,
पाय लागले वाटेला नि हात उरले इथं.

वर्षभर सगळ्यांनी तिच्याबरोबर हे घोळून घोळून गायलं, आणि एका सकाळी ती खरंच एका क्लॅरिनेट वाजवणाऱ्याबरोबर निघून गेली. "सगळं सांगून गेली गं," माई म्हणायच्या. "दिवसातून चार वेळा सांगत होती. आम्हीच मेल्या सुरात सूर मिसळत बसलो." त्याला सहा वर्षं झाली होती. तिची जागा रिकामीच होती. हौदाच्या चौथ्या बाजूला, तिच्या त्या गुळगुळीत झालेल्या दगडावर मी येऊन बसले.

मला त्या गाण्यात जायचं होतं. दुसरं काही नको होतं. पण रीत अशी होती की वर्षाच्या आत जिचं कडवं आलं ती हौदावरची, जिचं नाही आलं ती वरच्या मजल्यावर, कापडाच्या घड्या घालायच्या घडीखान्यात. घडीखाना काही वाईट नव्हता. कोरडी खोली, मोठी खिडकी, बसायला खुर्ची, हात गोरेच्या गोरे. वरच्या चौघी खाऊनपिऊन सुखी होत्या. पण खाली गाणं सुरू झालं की त्यांचे हात अर्ध्या घडीवर थांबायचे. ते मी जिन्यावरून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो जिना मला आवडेनासा झाला होता.

कडवं मागून मिळत नसे. मी वहीत सोळा लिहून ठेवली होती. सहाव्या महिन्यात धीर करून एक म्हणून पाहिलं, अकरावं संपल्या संपल्या. तोवर कापड वर आलं होतं, तिघी उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि माझं कडवं धप्पकन बादलीत पडल्यासारखं झालं. थोरली म्हणाली, "हिला सांग, पाहुणे गेल्यावर पानं वाढत नसतात." या खेपेला 'हिला' म्हणजे मी होते, आणि निरोप्या कुणीच नव्हता, तेव्हा माझं मीच ऐकून घेतलं.

माई मात्र जवळ येऊन म्हणाल्या, "कडवं लिहून आणायचं नसतं गं. गाण्यात जागा झाली की ते येतं. तुझं अडतंय कुठे, सांगू? तुझ्या पोटात घड्याळ आहे."

खरंच होतं. माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आमच्या पुढच्या खोलीत चाळीस घड्याळं, आणि कुठल्याही दोघांचं आपसात पटत नसे. आमच्याकडे दुपारचे बारा वाजायला वीस मिनिटं लागायची. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं त्याला खोडून काढायचं, तिसऱ्यानं दोघांना दटावायचं. या भांडणात मी लहानाची मोठी झाले आणि मनातल्या मनात सेकंद मोजायला शिकले. दूध उतू जायला किती, गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायला किती, बाबांना रुसवा सोडायला किती. (तीनशे ते चारशे. साखर जास्त घातलेला चहा दिला तर दीडशे.)

मोजण्याचं नुकसान हौदावर कळलं. आमच्या हौदातलं पाणी निळं नसतंच. वर तांबूस साय, खाली पिवळट हिरवं, शेवाळलेल्या तळ्यासारखं. कापड त्यात बुडवून गाणं संपेपर्यंत हातांनी हळूहळू फिरवत राहायचं, कुठे थांबू द्यायचं नाही. वर काढलं की ते हिरवंच दिसतं. मग वारा लागतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत निळं होत जातं. निळाई पाण्यात असते की वाऱ्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तर तिघींचे हात पाण्यात पाण्यासारखे फिरायचे, आणि माझा हात सेकंदाला एकदा हलायचा. टिक. टिक. टिक. माझं पहिलं कापड वाऱ्यावर वाळलं तेव्हा त्यावर सारख्या अंतराच्या बारीक पट्ट्या उमटल्या होत्या, जणू कुणी पट्टी धरून आखल्यात.

धाकटी हसून हसून खाली बसली. "माई, हिनं तर कापडावर सेकंद छापलेत!"

त्या दिवसापासून माझं नाव टिकटिक पडलं. मालक भले माणूस. त्यांनी त्या कापडाचे पायजमे शिवून घेतले आणि वर्षभर तेच घालून कारखान्यात हिंडले. पण ते समोरून आले की मला माझीच चूक दोन पायांवर चालत येताना दिसायची.

बाबांना हे सगळं मी घरी सांगायची. एक दिवस ते आपलं सगळ्यात विश्वासू खिशातलं घड्याळ घेऊन कारखान्यातच आले. म्हणाले, "बघू तरी, कुठलं एवढं गाणं, जे माझ्या मुलीला घेत नाही." मालकांनी स्टूल दिलं. बाबा तीन आठवडे वेळ मिळेल तसे येऊन बसले आणि वहीत टिपत राहिले. शेवटच्या दिवशी त्यांनी वही उघडली आणि घसा खाकरला.

"माई, राग मानू नका, पण तुमचं गाणं खोटारडं आहे. सोमवारी दुपारी उकडत होतं, तेव्हा सतरा मिनिटं. मंगळवारी सकाळी गारठा, चोवीस मिनिटं. गुरुवारी ढग, वीस मिनिटं अकरा सेकंद. तेच शब्द, त्याच बायका, आणि रोज वेळ वेगळी! असं घड्याळ माझ्या दुकानात आलं तर मी त्याच्या पोटातलं सगळं बाहेर काढीन."

माई उठल्या. त्यांनी फडताळातून सोमवारचा, मंगळवारचा आणि गुरुवारचा असे तीन तुकडे काढले आणि बाबांच्या मांडीवर एकाशेजारी एक ठेवले. "आता सांगा घड्याळजी, यातला सोमवार कुठला?"

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. एक तुकडा उजेडात धरला, दुसरा धरला, तिसरा धरला. तिन्ही एकाच निळ्याचे. कुठे तसूभर फरक नाही.

"गारठ्यात पाणी आळसावतं," माई म्हणाल्या. "रंग हळू चढतो. गाणंही मग हळू होतं."

"पण हे ठरवतं कोण? आज हळू, उद्या भरभर, हे सांगतं कोण?"

"सांगायचं काय त्यात? मी आपली थोरलीच्या मागनं जाते."

"मी?" थोरली म्हणाली. "मी तर हिच्या मागनं जाते." तिनं मान धाकटीकडे झटकली.

"आणि मी माईंच्या," धाकटी म्हणाली.

बाबा एकीकडून दुसरीकडे बघत राहिले. मग भिंग डोळ्यावरून गळून त्यांच्या मांडीवर पडलं आणि ते असे हसायला लागले की वरून घडीखान्यातल्या चौघी जिन्यात येऊन बघायला लागल्या. "म्हणजे गाडीत तिघी बसल्यात, गाडी भरधाव चाललीय, आणि हाकायला कुणीच नाही!"

"आठजणी आणखी आहेत की," माई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या वहीत त्यांना धरलं नाहीत का?"

बाबांनी वही मिटली. पण माझं काम त्यानं झालं नाही. वर्ष संपायला तेरा दिवस राहिले होते, आणि आता मी सेकंद सोडून दिवस मोजत होते.

अशात नाट्यगृहाचा पडदा आला. दोन भागांचा मोठा पडदा, मधून उघडणारा. चाळीस वर्षांपूर्वी आमच्याच हौदात रंगलेला, माईसुद्धा यायच्या आधी. त्याच्या एका अर्ध्यावर छत गळून तो कुजला होता. दुसरा अर्धा ठणठणीत होता, घड्यांमधला रंग तर कालचा वाटावा असा. नाट्यगृहाची डागडुजी होऊन पहिला खेळ दोन आठवड्यांवर आला होता. त्यांना कुजलेल्या अर्ध्याच्या जागी नवा हवा होता, पण असा की शेजारी टांगल्यावर जुना कुठला, नवा कुठला, हे कळता कामा नये. सहा मोठे तुकडे जोडून तो अर्धा व्हायचा, आणि तसं जाड कापड शोधून शोधून सहा तुकड्यांपुरतंच मिळालं होतं. एक बिघडला की संपलं.

मालक हौदाच्या काठाशी येऊन उभे राहिले, त्याच पायजम्यात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माई, या कामाला टिकटिक नको. तसंही पुढच्या आठवड्यात तिला वर जायचंच आहे. आजच जाऊ दे."

माझ्या पोटातलं घड्याळ थांबलंच.

माईंनी ते जाड कापड हातावर तोलून पाहिलं. "मालक, हे तिघींना पेलायचं नाही. ओलं झालं की रेड्यासारखं जड होणार. चौथे हात लागणारच. ती बसेल, नुसती हात चालवेल. पहिला तुकडा साधला तर पुढचं बघू."

"आणि पट्ट्या उमटल्या तर?"

"तर तुम्हाला आणखी एक पायजमा."

मालक हसले, पण पोटातून नाही. माई मला म्हणाल्या, "उद्या सकाळी. मोजू नकोस एवढं कर."

मोजू नकोस म्हणणं सोपं आहे. घरी येईपर्यंत मी न मोजायचं ठरवून चारशे बारापर्यंत न मोजत आले होते. बाबांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, तुम्हाला घड्याळ बंद करता येतं. माझं बंद करा."

बाबा उठले. मग त्यांनी दोन लंबकाची घड्याळं घेतली, जुळी म्हणावीत अशी. एक लांब फळी दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी ठेवली आणि दोन्ही घड्याळं त्याच फळीला टांगली. एकाचा लंबक आत्ता सोडला, दुसऱ्याचा जरा थांबून. दोघं आपापल्या नादात, एक पुढे, एक मागे. खोलीभर टिकटिक-टक, टिक-टकटक.

"आता चहा कर," बाबा म्हणाले. "आणि बस."

आम्ही चहा प्यायलो. बाबांनी मला आईच्या गोष्टी सांगितल्या, ती लग्नाआधी दुकानात घड्याळ दुरुस्तीला आणायची तेव्हाच्या. घड्याळ कधी बिघडलेलंच नसायचं. बाबा तरीही आठवडाभर ठेवून घ्यायचे. हसता हसता माझं कधी लक्ष गेलं कुणास ठाऊक. खोलीत एकच आवाज येत होता. फळीवरचे दोन्ही लंबक, एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे, पण अगदी एका ठोक्यावर. थोरली-धाकटीनं कापड पिळावं तसे.

"तुम्ही हात लावलात?"

"मी तर तुझ्याशी बोलत होतो."

"मग कुणी सांगितलं त्यांना?"

"फळी एकच आहे ना," बाबा म्हणाले. "एकाचा थरथराट दुसऱ्याला पोचतो, दुसऱ्याचा पहिल्याला. पण फळीला नीट टांगलेलं असलं तर. टेबलावर वेगळं ठेवलं तर बसेल आपलं एकटंच बडबडत." त्यांनी कपातली उरलेली साखर बोटानं चाटली. "तुझं घड्याळ मी कशाला बंद करू? चांगलं आहे. तू फळीला टेक, एवढंच."

सकाळी थंडी अशी की बादल्यांतल्या पाण्यावर काच धरली होती. मालक कोपऱ्यात, बाबा दारात घड्याळ हातात घेऊन. चौघींनी मिळून पडद्याचा पहिला तुकडा हौदात उतरवला. एरवी मी दगडावर जरा मागे सरकून बसायची, अंग भिजू नये म्हणून. आज पुढे सरकले. पोट हौदाच्या काठाला टेकलं, डावं कोपर थोरलीच्या कोपराला, उजवं धाकटीच्या. काठाच्या दगडातून कसलीशी बारीक थरथर आली. ती माईंच्या श्वासाची होती की थोरलीच्या पाय हलवण्याची, ते कळलं नाही.

उतर रे कापडा पाण्यात, अंग सोड सैल...

गाणं संथ चाललं. तिसरीचा नवरा आज सावकाश, पोट भरून घोरला. मी मोजत होते का? होते बहुतेक. पण एक कुठला आणि दोन कुठला हे आता माझ्या हातात नव्हतं. आकडे पाण्यात साखरेसारखे पडत होते आणि दिसेनासे होत होते. जाड कापडाखाली कुणाचा तरी हात माझ्या हाताला लागायचा आणि पुढे जायचा. कुणाचा ते मी बघितलं नाही. पहिलीच्या कडव्याला तो खरबरीत लागला, पाचवीच्या कडव्याला अगदी लहान. हौदात आठ हात होते हे मला ठाऊक होतं. तेवढेच लागत होते असं मात्र मी शपथेवर सांगणार नाही.

माईंचा पूर आला, गेला. जावांचा पीळ झाला. अकरावं आलं, ... पाय लागले वाटेला नि हात उरले इथं.

गाणं संपलं.

आणि कुणीही हात बाहेर काढला नाही.

असं कधी झालं नव्हतं. कापड जाड होतं, थंडी भारी होती, आणि गाणं कितीही संथ घेतलं तरी तोकडं पडलं होतं. तुकड्याचं अजून पोट भरलं नव्हतं. ते चौघींच्या हातांना एकाच वेळी कळलं. पण गाणं नाही म्हटल्यावर हात चुकायला लागले. थोरलीचा हात घाईला आला, धाकटीचा अडखळला. कापड एका जागी थांबू पाहत होतं, आणि थांबलं की डाग. माईंनी परत पहिल्यापासून सुरू करायला तोंड उघडलं, पण पूर्ण गाणं तर फार लांब झालं असतं. त्या तशाच थांबल्या.

त्या थांबण्यात मला जागा दिसली. एका बाईला बसता येईल एवढी. सोळातलं एकही कडवं मला आठवलं नाही. तोंडातून आलं ते हे:

बापाघरी चाळीस घड्याळं, ज्याची त्याची वेळ न्यारी,
चौघींच्या या हातांत बाई, एकच सकाळ सारी.

कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. माईंनी फक्त दुसऱ्यांदा तेच उचललं, जसं त्यांना ते कायमच माहीत होतं. मग थोरलीनं, मग धाकटीनं. हात परत जुळले, कापड फिरलं. सावकाश, चौघींनी ते तीनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा 'सारी' म्हणताना आठही हात एकदम वर आले.

तुकडा दोरीवर चढला, हिरवागार. आम्ही खाली उभ्या, बोटांवरून पाणी ठिबकतंय. वारा आला. एका कोपऱ्यातून निळं सुरू झालं आणि दबकत दबकत पुढे सरकलं, आणि मग एकदम सगळीकडे पळत सुटलं. मालकांनी जुन्या अर्ध्याची कड ओढून आणून शेजारी धरली. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मग दोन्ही कापडांच्या मध्ये तोंड खुपसून म्हणाले, "यातला आपला कुठला?"

"दोन्ही आपलेच," माई म्हणाल्या.

"किती मिनिटं लागली हो, घड्याळजी?" मालकांनी ओरडून विचारलं. "उरलेल्या पाच तुकड्यांना तेवढीच द्यायची."

बाबा दारात घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत घड्याळाकडे. "विसरलो," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यांना त्याचा इतका आनंद झाला की परत परत सांगत सुटले, "अहो, विसरलो! बघतच राहिलो!"

उरलेले पाच तुकडे बारा कडव्यांत झाले. घडीखान्यात मी गेलेच नाही. पडद्याच्या घड्या घालायला वरच्या चौघीच खाली आल्या, आणि जाताना त्यातली एक माझ्या निळ्या गालाला बोट लावून गेली.

पहिल्या खेळाला, दुपारच्या, नाट्यगृहानं आम्हाला बोलावलं. तिसरी रांग, मधोमध. मालक नव्या पायजम्यात, बिनपट्ट्यांच्या. पडदा समोर टांगलेला, जुना अर्धा, नवा अर्धा, मधली फटसुद्धा शोधावी लागेल असा. आम्ही पोटभर बघून घेत होतो, तेवढ्यात घंटा झाली आणि तो सरकायला लागला.

धाकटी अर्धी उठली. "अगंबाई! आत्ता तर लावला, लगेच काढतात काय?"

"खाली बस," थोरली म्हणाली. "डोकं मधे येतंय तुझं."

धाकटी बसली. मग हळूच वळून तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनंही पाहिलं. दोघींच्या लक्षात एकदमच आलं की मधे मी होते आणि मला कुणी काही सांगायला सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं. धाकटीनं पदराआड नव्हे, चांगलं मोठ्यानं नाक ओढलं आणि म्हणाली, "आता दिसतंय का तुम्हाला?"

मध्यंतरात पडदा परत जुळला. लोक बाहेर गेले, आम्ही कशाला जातोय? बसून त्याच्याकडे बघता बघता माईंनी गुणगुणायला सुरुवात केली. 'उतर रे कापडा...' मग आम्हीही. हात मांडीवर आपोआप फिरायला लागले. रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात वाजवणारी मंडळी बसली होती, चहा पीत. त्यांच्यात एकाच्या मांडीवर क्लॅरिनेट होतं, आणि त्याच्या शेजारी, स्वरांचे कागद लावत, आमच्याकडे पाठ करून एक बाई.

चौथ्या कडव्याला तिचे हात कागदांवर थांबले. सातव्याला तिची मान डोलायला लागली. अकराव्याला तो आवाज आमच्या चौघींचा नव्हता, पाच जणींचा होता, आणि त्यात तसूभरही पुढे-मागे नव्हतं. सात वर्षं झाली होती, पण जणू ती कालच पाणी प्यायला उठून गेली होती.

... पाय लागले वाटेला नि हात उरले इथं.

ती थांबली. तिच्या मते गाणं इथे संपत होतं. आम्ही थांबलो नाही.

बापाघरी चाळीस घड्याळं...

ती गर्रकन वळली. ओल्या डोळ्यांनी, हसत, तिनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, माई, थोरली, धाकटी, आणि मग माझ्यापाशी येऊन तिची नजर अडली. ती कठड्यावर दोन्ही हात टेकून पुढे वाकली.

"ही बारावी कोण गं?"

तीन निळी बोटं एकदम माझ्याकडे वळली.